शून्याचा बंदोबस्त

मोठ्या मॉड्युलर सिंथेसायझरची चर्चा जेथे जेथे होते, मग ती हौशी वादकांच्या बैठकीत असो, ध्वनिमुद्रणशाळेत असो, वा नव्या वाद्यासाठी मंजुरी मागणाऱ्या एखाद्या संस्थेच्या दप्तरात असो, तेथे ती बहुतेक वेळा त्याच्या आवाजांपुरती राहते. कोणत्या ऑसिलेटरचा नाद भरदार, कोणत्या फिल्टरची धार मोहक, कोणत्या निर्मात्याचे मॉड्यूल संग्रही असावे, यांवर तासन्‌तास खर्ची पडतात. आणि या सर्व आवाजांना ज्या विजेच्या आधारावर उभे राहावयाचे असते तिची वाटणी कशी करावयाची, एका मॉड्यूलमधून निघालेला संकेत दहा ठिकाणी पोहोचविताना त्याचे मूल्य कसे अबाधित राखावयाचे, हा विषय मात्र कारागिराचा म्हणून शेवटच्या दिवसावर ढकलला जातो. हा शिरस्ता मोडला पाहिजे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. मोठ्या वाद्याचा मसुदा करताना पहिला कागद विजेच्या आणि संकेतांच्या वाटणीचा असावा, पहिली रक्कम तिच्यासाठी राखून ठेवावी, आणि उरलेल्या पैशांत जे आवाज बसतील ते घ्यावेत. कारण या वाद्यात स्वर आणि वीज या दोन वेगळ्या वस्तू नाहीतच.

हे वाद्य ज्यांच्या पाहण्यात नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. सर्वसाधारण सिंथेसायझरमध्ये आवाज घडविणारी सर्व मंडले एकाच खोक्यात, निर्मात्याने ठरवून दिलेल्या क्रमाने, आतल्या आत जोडलेली असतात. मॉड्युलर सिंथेसायझरमध्ये त्यांतील प्रत्येक मंडल, म्हणजे मॉड्यूल, स्वतंत्र असते: एक कंप निर्माण करते, तो ऑसिलेटर; दुसरे त्यांतील वरचे कंप गाळते, तो फिल्टर; तिसरे आवाजाची पातळी राखते, चौथे केवळ मंद गतीने चढउतार करणारा विद्युत्‌दाब पुरविते, आणि त्यांचे परस्परसंबंध वादक पुढच्या बाजूने जोडतारा लावून स्वतः ठरवितो, उद्या ते मोडून दुसरे जुळवितो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात रॉबर्ट मूग यांनी संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या साहाय्याने १९६४ साली या धर्तीची आपली पहिली मॉड्यूले सिद्ध केली, आणि त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत डॉन बुक्ला यांनी मॉर्टन सबॉटनिक आणि रेमन सेंडर यांच्या मागणीवरून तोच विचार स्वतंत्रपणे, वेगळ्या रीतीने, अमलात आणला. आज जगात सर्वांत अधिक प्रचलित असलेला युरोरॅक हा आकार जर्मनीत म्यूनिकजवळ काम करणाऱ्या डीटर डेप्फर यांनी १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास रूढ केला. त्याचे पॅनेल १२८.५ मिलिमीटर उंच असते, रुंदी ५.०८ मिलिमीटरच्या पटीत मोजली जाते, आणि त्याला लागणारी वीज अधिक बारा व्होल्ट, उणे बारा व्होल्ट आणि काही मॉड्यूलांसाठी पाच व्होल्ट अशी तीन प्रकारची असते. आकार लहान, निर्माते अनेक, किंमत पूर्वीच्या मानाने आटोक्यातली. त्यामुळे एके काळी जे वाद्य विद्यापीठांच्या आणि संपन्न ध्वनिमुद्रणशाळांच्याच आवाक्यात होते ते आता हौशी माणसाच्या खोलीतही वाढू लागले आहे, आणि वाढते तेही एकामागून एक मॉड्यूल असे, पुष्कळदा कोणत्याही नकाशावाचून.

मूग यांनी रूढ केलेला आणि पुढे युरोरॅकनेही स्वीकारलेला नियम असा की, नियंत्रणाचा दाब एक व्होल्टने वाढला म्हणजे ऑसिलेटरचा स्वर बरोबर एक सप्तक वर चढावा. नियम सुटसुटीत आहे, पण त्याचा हिशेब पुढे नेला म्हणजे त्यातील जोखीम ध्यानी येते. सप्तकाचे बारा समान भाग केले तर षड्जापासून कोमल ऋषभापर्यंतचे अंतर सुमारे ८३ मिलिव्होल्ट भरते. सप्तकाचे बाराशे सेंट मानले तर एका सेंटच्या वाट्याला पुरता एक मिलिव्होल्टही येत नाही. आणि आपल्या शास्त्रकारांनी जी प्रमाणश्रुती मानली, जिचे गुणोत्तर ८१:८० म्हणजे सुमारे साडेएकवीस सेंट, ती अवघ्या १८ मिलिव्होल्टांत संपते. टॉर्चच्या साध्या सेलमध्ये जो दीड व्होल्ट असतो त्याच्या ऐंशी भागांतील एक भाग इकडचा तिकडे झाला की श्रुती बदलली. ज्या महाराष्ट्रात कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, जेथे हार्मोनियमच्या पट्ट्या श्रुतींना न्याय देतात की नाही यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झडले, आणि ऑल इंडिया रेडिओने १९४० साली हार्मोनियमला मज्जाव केला तेव्हा त्या वादाची धग ज्या प्रांतातील पेटीवादकांना प्रत्यक्ष लागली, तेथल्या वाचकाला अठरा मिलिव्होल्ट ही क्षुल्लक राशी वाटू नये. स्वरस्थानाच्या शुद्धतेसाठी ज्यांनी एवढी वादावादी केली त्यांच्या वारसांनी विजेच्या वाद्याकडे पाहताना तीच काटेकोर दृष्टी का सोडावी, हे मला समजत नाही.

विद्युत्‌दाब ही एकट्याने असणारी गोष्ट नव्हे. तो नेहमी दोन बिंदूंमधला फरक असतो. म्हणून या वाद्यातील प्रत्येक दाब कशाच्या तरी संदर्भाने मोजावा लागतो, आणि तो संदर्भ म्हणजे शून्य व्होल्ट, ज्याला तंत्रज्ञ ग्राउंड म्हणतात. गायनात जे स्थान तंबोऱ्यातून सतत ऐकू येणाऱ्या षड्जाचे, तेच येथे शून्याचे आहे: बाकीच्या प्रत्येक स्वराचे अस्तित्व त्याच्यापासूनच्या अंतरावर ठरते, आणि तोच ढळला तर इतरांपैकी कोणीही आपल्या जागी उरत नाही. फरक एवढाच की तंबोऱ्याचा षड्ज साऱ्या मैफलीला एकच ऐकू येतो, तर मोठ्या वाद्याच्या एका टोकाचे शून्य आणि दुसऱ्या टोकाचे शून्य एकच असेल अशी हमी कोणी देत नाही. ती हमी बांधणाऱ्याला निर्माण करावी लागते. कारण मॉड्यूलने घेतलेला प्रवाह आपले काम करून ग्राउंडच्या तारेने वीजपुरवठ्याकडे परततो, त्या तारेला, ती कितीही जाड असली तरी, थोडा रोध असतोच, आणि रोधातून प्रवाह गेला की तेथे दाब उत्पन्न होतो. ओहमचा हा नियम शाळेत सर्वांनीच पाठ केलेला असतो. अशा वेळी खालच्या रांगेतील कीबोर्डच्या मॉड्यूलने पाठविलेले ‘दोन व्होल्ट’ वरच्या रांगेतील ऑसिलेटरला दोन व्होल्ट वाटत नाहीत; दोघांच्या शून्यांमधली तफावत त्यांत मिसळते आणि तेवढ्याने स्वर ढळतो.

ही तफावत केवढी असू शकते ते प्रत्यक्ष आकड्यांत पाहावे. समजा, एका मोठ्या कॅबिनेटमधील मॉड्यूले मिळून अधिक बाजूने ३ अँपिअर आणि उणे बाजूने १.८ अँपिअर वीज घेतात. अधिक बाजूचा प्रवाह ग्राउंडमध्ये येऊन मिळतो आणि उणे बाजूचा ग्राउंडमधून निघतो. त्यामुळे ग्राउंडच्या तारेवर दोहोंची वजाबाकी येते, येथे १.२ अँपिअर. पाच व्होल्टांवर चालणारी मॉड्यूले असतील तर त्यांचा प्रवाह तिच्यात मिळवावा लागतो, आणि याच कारणाने ती मॉड्यूले ग्राउंडवर सर्वांत अधिक भार टाकतात. आता ही १.२ अँपिअरची परतफेड अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या मीटरभर तारेतून झाली, तर तिचा रोध सुमारे ३९ मिलिओहम असल्यामुळे दोन टोकांच्या शून्यांत ४७ मिलिव्होल्टांचे अंतर पडते, म्हणजे षड्ज आणि कोमल ऋषभ यांच्या मधल्या वाटेचा अर्ध्याहून अधिक भाग. तीच तार अडीच चौरस मिलिमीटरची घेतली, जी आपले वायरमन घरातल्या प्लगसाठी नित्य वापरतात, तर रोध ८ मिलिओहमपर्यंत उतरतो आणि अंतर साडेनऊ मिलिव्होल्टांवर येते, म्हणजे साधारण अर्धी प्रमाणश्रुती. तार आणखी जाड केली, लांबी मीटरऐवजी वीतभर ठेवली, आणि प्रत्येक रांगेला पुरवठ्यापासून स्वतंत्र तारा नेल्या, म्हणजे एका रांगेचा प्रवाह दुसऱ्या रांगेच्या शून्याला स्पर्शच करीत नाही, तर हा दोष ऐकू येण्याच्या पलीकडे जातो. दोन्ही व्यवस्थांच्या खर्चातला फरक एका मध्यम मॉड्यूलच्या किमतीहूनही कमी असतो.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, दोष स्थिर असेल तर ऑसिलेटर तेवढा जुळवून घेतला म्हणजे झाले. आक्षेप योग्य आहे, पण दोष स्थिर नसतो. वाद्य नीट जुळवून ठेवल्यावर शेजारच्या रांगेतले पडदा असलेले एखादे डिजिटल मॉड्यूल जागे झाले, त्याच्या खुणेचे दिवे एकदम उजळले आणि त्याने १०० मिलिअँपिअर अधिक ओढले, तर त्या बारीक तारेत जवळजवळ चार मिलिव्होल्टांची भर पडते, म्हणजे सुमारे पावणेपाच सेंटांची. एकट्या स्वरात तेवढे कदाचित जाणवणार नाही. पण ४४० कंपसंख्येवर एकस्वरात मिळविलेल्या दोन ऑसिलेटरांपैकी एकावरच हा परिणाम झाला तर सेकंदाला एकाहून किंचित अधिक ठोके पडू लागतात, आणि जो नाद क्षणापूर्वी सलग होता तो दिव्यांच्या उघडझापीबरोबर डोलू लागतो. वादकाला कारण दिसत नाही. तो ऑसिलेटरला दोष देतो, दुसरा विकत घेतो, आणि तोही त्याच तारेवर बसवितो. म्हणून डिजिटल मॉड्यूले, त्यांतही पडदेवाली आणि पुष्कळ दिव्यांची, वीज वाटणाऱ्या निराळ्या फळीवर, म्हणजे वाटणीफळीवर, ठेवावीत, तिचे ग्राउंड थेट पुरवठ्यापर्यंत स्वतंत्र न्यावे, आणि ऑसिलेटर पुरवठ्याच्या सर्वांत जवळच्या रांगेत, शांत शेजारात बसवावेत. पुढून पाहताना शोभेल अशी मांडणी आणि विजेला मानवेल अशी मांडणी यांत जेथे विरोध येईल तेथे विजेचे ऐकावे.

या साऱ्याचा आरंभ एका खतावणीने व्हावा. तिच्यात प्रत्येक मॉड्यूलच्या नावापुढे तीन रकाने असावेत: अधिक बाराचा, उणे बाराचा आणि पाचाचा. प्रत्येकाची बेरीज वेगळी करावी, कारण अधिक बाजूची शिल्लक उणे बाजूच्या तुटीला भरपाई म्हणून चालत नाही. आलेल्या बेरजेवर निदान चतुर्थांश, शक्य तर तृतीयांश, जादा तरतूद ठेवावी. त्याचे एक कारण असे की वाद्य सुरू करण्याच्या क्षणी साऱ्या मॉड्यूलांतील कपॅसिटर एकाच वेळी भरू लागतात आणि काही मॉड्यूले त्या क्षणी आपल्या नेहमीच्या मागणीच्या कितीतरी पट वीज मागतात. पुरवठ्यात तेवढी ताकद नसेल तर तो मान टाकतो, पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा मान टाकतो, आणि कागदावर बेरीज बरोबर असूनही वाद्य उठत नाही. दुसरे कारण साधे आहे: असे वाद्य घेणारा माणूस पुढल्या वर्षी त्यात भर घालतोच. निर्मात्यांनी छापलेले आकडेही पारखून घ्यावे लागतात. काही जण सरासरी प्रवाह देतात, काही कमाल देतात, आणि दोहोंपैकी कोणता दिला आहे हे सांगण्याची तसदी पुष्कळ जण घेत नाहीत. मॉड्यूलचे आकारमान मिलिमीटरच्या दशांशापर्यंत छापणाऱ्याने त्याचा कमाल प्रवाह आणि आरंभीचा प्रवाह वेगवेगळा छापला पाहिजे, आणि जो छापणार नाही त्याच्याकडे ग्राहकांनी तो मागितला पाहिजे. एकूण वीज म्हणाल तर ती अगदी थोडी असते: वरच्या उदाहरणातले भले मोठे कॅबिनेट साठ वॅटही घेत नाही. पण इतकी थोडी वीज शेकडो ठिकाणी, एकमेकांना धक्का न लावता, मिलिव्होल्टाच्या नेमस्तपणाने वाटावयाची असते. म्हणून हा मामला सोपा नाही.

पुरवठा कोणत्या जातीचा घ्यावा यावर मते फार तीव्र आहेत. ट्रान्सफॉर्मर आणि रेग्युलेटर यांचा जुना सरळ पुरवठा शांत असतो, पण तापतो. रेग्युलेटरवर पाच व्होल्ट खर्ची पडत असतील आणि तीन अँपिअर जात असतील तर केवळ त्या एका ठिकाणी पंधरा वॅटची उष्णता निर्माण होते, आणि लाकडी कॅबिनेटमध्ये ती जायला वाट ठेवावीच लागते. स्विचिंग पद्धतीचा पुरवठा हलका आणि थंड असतो. त्याची स्वतःची खरखर श्रवणमर्यादेच्या वरची असते, तथापि असे दोन पुरवठे शेजारी ठेवले आणि त्यांच्या कंपसंख्या एकमेकींशी जुळलेल्या नसल्या, तर त्यांच्यातील फरकाचा सूर ऐकू येणाऱ्या पट्ट्यात उतरू शकतो. माझा कल मोठ्या वाद्यासाठी चांगल्या गाळणीसह स्विचिंग पुरवठ्याकडे आहे, पण त्याबद्दल मी हट्ट धरणार नाही. हट्ट धरीन तो वेगळ्या गोष्टीचा: परदेशातून आणलेला पुरवठा २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झ यांसाठीच घडविलेला आहे याची लेखी खातरजमा झाल्यावाचून तो भिंतीतल्या सॉकेटला लावू नये. ११५ व्होल्टांचा पुरवठा आपल्या विजेवर जळेल हे सर्वांना ठाऊक असते; पण दाब मध्ये उतरवून घेतला तरी ६० हर्ट्‌झसाठी काटकसरीने बांधलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्‌झवर अधिक तापतो, हे पुष्कळांच्या गावी नसते.

पुरवठ्यापासून मॉड्यूलपर्यंतची शेवटची वीतभर वाट राखाडी रंगाच्या चपट्या रिबन केबलची असते. तिच्या एका कडेला लाल रेघ असते. ती रेघ उणे बारा व्होल्टांची बाजू दाखविते, आणि सोळा तारांपैकी तिच्या लगतच्या सहा केवळ ग्राउंडसाठी राखलेल्या असतात, यावरून मूळ रचनाकाराला परतीच्या वाटेचे महत्त्व किती होते ते कळते. काही मॉड्यूलांची केबल दहाच तारांची असते; ती उलटी बसली तर अधिक आणि उणे बारा यांची अदलाबदल होते, आणि संरक्षक डायोड नसेल तर आतली चिप एका क्षणात निकामी होते. वाटणीफळीवरील सॉकेटला चौकोनी कठडा आणि एका बाजूला खाच असली तर केबल उलटी बसूच शकत नाही. हा कठडा जवळजवळ फुकट पडतो, तरी असंख्य फळ्या आणि मॉड्यूले त्याच्यावाचून विकली जातात. सार्वजनिक पैशाने घेतल्या जाणाऱ्या वाद्यात तरी अशी फळी स्वीकारू नये.

आता संकेतांच्या वाटणीकडे वळू, कारण पुष्कळ वेळा वीज निर्दोष असूनही वाद्य बेसूर होते आणि त्याचे कारण येथे असते. एकाच कीबोर्डचा दाब तीन ऑसिलेटरांना द्यावयाचा आहे. सर्वांत सोपा उपाय म्हणजे चार जॅक एकमेकांना आतून जोडलेले मल्टिपल, ज्यात तांब्याच्या तारेशिवाय काही नसते. परंतु पाठविणाऱ्या मॉड्यूलच्या तोंडाशी बहुधा एक किलोओहमचा रोध असतो आणि घेणाऱ्याच्या तोंडाशी शंभर किलोओहमचा. म्हणून एक ऑसिलेटर जोडला की दाबाचा सुमारे एक टक्का वाटेतच राहतो, दुसरा जोडला की दोन टक्के, तिसरा जोडला की जवळजवळ तीन. टक्क्यातली ही तूट प्रत्येक व्होल्टला लागू पडते, म्हणजे प्रत्येक सप्तकात प्रत्येक नव्या ऑसिलेटरगणिक सुमारे बारा सेंटांनी स्वर उतरतो. वादकाने पहिला ऑसिलेटर एकटा असताना काळजीपूर्वक जुळविला, मग दुसरा जोडला. खालचा षड्ज दोन्हींवर ठीक लागला, पण तीन सप्तके वर गेल्यावर पहिलाच, काल जुळविलेला, पस्तीस सेंटांनी खाली आला. आपल्या कानाला ही घसरण दीड प्रमाणश्रुतीहून अधिक आहे. यावरचा उपाय म्हणजे बफर असलेले मल्टिपल, जे प्रत्येक वाटेकऱ्याला मूळ दाबाची स्वतंत्र, भक्कम प्रत देते. ते सगळीकडे लागत नाही: ऐकावयाच्या आवाजात एक टक्क्याची घट कानाला समजत नाही, आणि सुरू-बंद सांगणाऱ्या ठोक्यांना थोड्या दाबाची पर्वा नसते, तेथे साधी तार पुरे. स्वर वाहून नेणारा दाब मात्र बफरवाचून वाटू नये. नकाशावर या दाबाची वाट वेगळ्या रंगाने काढली म्हणजे बफर किती आणि कोठे लागतील ते खरेदीपूर्वीच कळते. युरोरॅकच्या फळीवर एक स्वराची आणि एक ठोक्याची तार सर्व मॉड्यूलांत सामायिक असते. तिच्यावर बोलणारा एकच असावा, दोन मॉड्यूले एकाच वेळी तिच्यावर आपला दाब लादू लागली तर दोहोंचाही हुकूम चालत नाही.

वाटणीचा प्रश्न आधी सोडवून मग वाद्य बांधण्याचे उत्तम उदाहरण म्हणजे लंडनच्या ईएमएस या संस्थेचे १९७१ सालचे सिन्थी १०० हे वाद्य. त्यात जोडतारांचे जंगल नव्हते. साठ आडव्या आणि साठ उभ्या रांगांचे दोन पट होते, प्रत्येकात ३,६०० छिद्रे, आणि ज्या छिद्रात पिन खोचावी तेथे आडव्या रांगेतला संकेत उभ्या रांगेला मिळे. पिनेच्या पोटात रोध असे, म्हणजे एका रांगेत अनेक संकेत मिसळले तरी ते एकमेकांना गिळून टाकीत नसत. साऱ्या वाद्याची अवस्था एका दृष्टिक्षेपात वाचता येई. याच्या उलट मार्गाने घडलेले वाद्य म्हणजे माल्कम सेसिल आणि रॉबर्ट मार्गुलेफ यांचे टोंटो, ज्याचा नाद स्टीवी वंडर यांच्या १९७२ ते १९७४ या काळातील चार विख्यात ध्वनिमुद्रिकांत ऐकू येतो. मूगच्या एका मॉड्युलर वाद्यापासून त्याचा आरंभ झाला आणि मग त्यात एआरपी, ओबरहाइम अशा इतर निर्मात्यांची यंत्रे सामील होत गेली. मूगच्या जुन्या मॉड्यूलांना आरंभाची खूण म्हणून तार ग्राउंडला टेकवावी लागे, तर इतरांना त्याच कामासाठी अधिक दाब लागे. अशा परस्परविरोधी रिवाजांची एकत्र नांदणूक घडवून आणणे हेच त्या वाद्याच्या बांधणीतले मोठे काम होते. कॅनडातील कॅल्गरीच्या राष्ट्रीय संगीत केंद्राने २०१३ साली ते घेतले आणि चिकाटीने दुरुस्त करून पुन्हा वाजते केले. दोन्ही वाद्यांबद्दल मला नितांत आदर आहे, पण संस्थेने अनुकरण करावे ते पहिल्याचे. टोंटो उभे राहिले ते सेसिलसारखा तंत्रज्ञ-वादक वर्षानुवर्षे त्याच्याजवळ होता म्हणून. असा माणूस वेतनश्रेणीत बसवून मिळत नाही.

एकाहून अधिक कॅबिनेटांच्या वाद्यात एक धोका असा आहे की ज्याबद्दल मला अतिशय काळजी वाटते. प्रत्येक कॅबिनेटला स्वतंत्र पुरवठा असतो, आणि दोहोंमध्ये ग्राउंडचा दुवा म्हणून फक्त जोडतारेच्या बाहेरच्या बारीक आवरणाचा आधार राहतो. बुक्ला किंवा सर्ज या निर्मात्यांच्या बनाना-जॅकच्या तारेला तर ते आवरणही नसते. यासाठी दोन्ही कॅबिनेटांची शून्ये जाड, आखूड तारेने कायमची जोडावीत आणि सर्व पुरवठे भिंतीतल्या एकाच बोर्डावर लावावेत. तसे न केल्यास वाद्यात घरगुती विजेचा गुंजारव शिरतो, आणि तो घालविण्यासाठी प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा अघोरी उपाय आजही सुचविला जातो. गुंजारव जातो हे खरे. पण पुरवठ्यातील इन्सुलेशन ज्या दिवशी दगा देईल त्या दिवशी कॅबिनेटचे लोखंड २३० व्होल्टांवर असेल आणि वादकाचे दोन्ही हात त्याच्यावर असतील. आपल्याकडील जुन्या इमारतींत अर्थिंग मुळातच नावापुरते असते. अशा ठिकाणी हा उपाय सुचविणाऱ्याने माणसाच्या जिवाची किंमत एका भुणभुणीएवढी ठरविलेली असते. गुंजारवाचा खरा इलाज मिक्सरकडे जाणाऱ्या आवाजाच्या तारेत ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घालणे हा आहे, आणि अर्थिंगची पिन काढलेली केबल कोणत्याही ध्वनिमुद्रणशाळेत सापडली तर ती तेथल्या तेथे कापून टाकण्याचा अधिकार प्रत्येकाला असावा.

हे सर्व दूर देशीच्या वाद्याबद्दलचे बोलणे आहे असे कोणी म्हणू नये. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूगचे मॉड्युलर वाद्य बसविले गेले होते, आणि त्यावर गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी १९७२ पर्यंत केलेले काम पॉल परगस यांनी त्या संस्थेतील फितींमधून शोधून काढल्यावर २०२३ साली जगापुढे आले. भारतीय स्वरविचार ज्यांच्या अंगी मुरला होता अशी माणसे त्या वाद्यापुढे एवढ्या लवकर बसली होती, ही अभिमानाची गोष्ट आहे. आणि ती परंपरा पुन्हा चालू करावयाची असेल तर मुंबईपुण्याच्या विद्यापीठांत तिला लागणारी दोन्ही प्रकारची माणसे आजही आहेत, फक्त ती एकाच इमारतीत बसत नाहीत. संगीत विभागाने वाद्याची दरखास्त करावी आणि इलेक्ट्रॉनिक्स विभागाने तिच्यासोबत विजेची खतावणी आणि संकेतांचा नकाशा जोडावा. हे दोन कागद नसतील तर वित्तसमितीने दरखास्त परत पाठवावी. एकूण रकमेचा पाचवा हिस्सा पुरवठा, फळ्या, तारा आणि बफर यांच्यासाठी आधीच बाजूला काढावा. आणि वाद्य उभे राहिल्यावर, सर्व मॉड्यूले चालू आणि सर्व दिवे उजळलेले असताना, मल्टिमीटर मिलिव्होल्टांवर लावून वाद्याच्या सर्वांत दूरच्या दोन कोपऱ्यांतील ग्राउंडमधले अंतर मोजावे. पाच मिलिव्होल्टांहून अधिक आले तर बांधणाऱ्याचे अखेरचे देयक रोखून धरावे, कमी आले तर तो आकडा, तारीख आणि मोजणाऱ्याची सही असा कागद कॅबिनेटच्या मागच्या दाराला आतून चिकटवावा, आणि नवे मॉड्यूल बसविणाऱ्या प्रत्येकाने त्याखाली आपला आकडा लिहावा.